मालनमावशीस, लाल मातीबद्दल

१९ जून २०२५

तीर्थरूप मालनमावशीस,

वैष्णवीचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे ठीक. तुमचे गुडघे कसे आहेत? वालूरला पाऊस झाला का? इकडे नुसतं आभाळ येतं अन् जातं.

वैष्णवी कोण, असं विचारू नका. तुमच्या निकिताची नणंद. लग्नात मानाची साडी नको, ड्रेसच पाहिजे म्हणून मांडवात तोंड फुगवून बसलेली, तीच मी. फोन केला असता, पण तीन वर्षांत जेव्हा जेव्हा केला तेव्हा माझा आवाज ओळखला की तुम्ही ठेवून देता. पत्राचं तसं नसतं. माणूस फाडायच्या आधी एक नजर टाकतंच. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, तुमच्या पोथीएवढं, म्हणजे चष्मा सापडत नाही ही सबब नको.

आईची शुगर वाढलीय, पण चहातली साखर काही सुटत नाही. आबा तसेच. त्यांचा आवाज अजून पारावरून घरात ऐकू येतो. भागवतदादा ताडकळसला मोटारपंपाच्या दुकानात कामाला जातो. बोलत नाही फारसा. दुसरं लग्न केलं नाही त्यानं. स्थळं आली होती, पण आमच्या घराचं नाव काढलं की लोक चहा पिऊन उठतात.

आता माझी बातमी. मी परभणीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला गेले. हॉस्टेललाच राहते. आता नवीन पद्धत आलीय, पहिल्या वर्षीच्या तीन विषयांतला एक मुख्य धरावा लागतो. पोरं त्याला मेजर म्हणतात. मी जिऑलॉजी धरलं. मराठीत भूशास्त्र. जमिनीच्या पोटात काय आहे, कोणता खडक कसा झाला, पाणी कुठं मुरतं अन् कुठं अडतं, त्याचा अभ्यास. वर्गात आम्ही तीनच पोरी. बाकी सगळ्या जणी केमिस्ट्रीला पळाल्या.

घरात सांगितलं त्या दिवशी काय तमाशा झाला म्हणून सांगू! आबा म्हणाले, "दगडं शिकायला परभणीला जावं लागतंय का? आपल्या रानात काय दगडं कमी हायेत? ये की, बांधावर बसून शीक!" आई म्हणाली, "पोरीच्या जातीनं खड्ड्याखुड्ड्यात उतरू न्हाई माय." दादा ताटावरून उठून गेला. सगळ्यांच्या मनात एकच खड्डा होता, मावशी. तुमच्याही मनात आता आला असेल.

कॉलेजात सारंग सरांनी विचारलं, "केमिस्ट्रीला इतके चांगले मार्क असून इकडं का आलीस?" मी म्हणाले, "आवड आहे सर." आवड कसली डोंबलाची! खरं कारण वर्गात सांगण्यासारखं नव्हतं. तुम्हालाही आज सांगत नाही.

तुमच्या नातीचं, इशूचं लिहिते. नाव ईश्वरी ठेवलंय हे तुम्हाला माहीतच आहे, पण इशूच म्हणतात सगळे. पहिलीत गेली. पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळं 'सहा' म्हणताना फुर्र होतं अन् स्वतःच हसत सुटते. हसली की कुणासारखी दिसते ते लिहीत नाही.

तिला पाण्याला हात लावू देत नाहीत. शाळेत नाही, गल्लीत नाही, घरातही नाही. तहान लागली की ती उंबऱ्यात उभी राहून ओंजळ करते अन् कोणीतरी वरून ओततं. मी गावाकडं गेले की तांब्या तिच्या हातात देते. मग आई माठ ओतून देते अन् नवीन भरते. आई वाईट नाही, मावशी. घाबरलेली आहे. घाबरलेली माणसं काय काय करतात ते तुम्हाला मी कशाला सांगू.

वहिनीबद्दल या पत्रात काही लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. उत्तर पाठवा. नाही पाठवलंत तरी मी परत लिहीन. माझा हट्ट तुम्ही मांडवात बघितलाय.

आपली,
वैष्णवी


१४ डिसेंबर २०२५

ती. मालनमावशीस,
सा. न.

उत्तर आलं नाही. दिवाळीत गावाकडं होते तेव्हा पोस्टमनला इतक्यांदा विचारलं, की मी दारात दिसले की तो गाडी दुसऱ्या गल्लीला घालायचा. असो. तुमचं पत्र नाही म्हणजे माझंही फाडलं नसेल, असं मी धरून चालते.

थंडी लय पडलीय. हॉस्टेलचं पाणी हाताला चावतं. आता आडवळणं घेत नाही. ज्यासाठी मी जिऑलॉजी धरलं, ते सापडलं.

मागच्या महिन्यात सरांनी आम्हाला पोखर्णीच्या बाजूला एका खदानीवर नेलं. आधी नरसिंहाचं दर्शन झालं, मग खदान. समोर उभा कापलेला खडक होता. वर काळा, खाली काळा, अन् मधोमध हातभर जाडीची लाल पट्टी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पोरं मोबाईलवर फोटो काढायला लागली. मी खाली बसले. ती लाल मी ओळखत होते. आमच्या विहिरीतून तीच वर आली होती.

त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला लोकांनी सांगितलंय. मी होते तिथं, काठावर. आता माझ्याकडून ऐका.

वरच्या रानात विहीर चालू होती. सिताराम अन् त्याची माणसं खोदत होती, यारीच्या दोराला डबा लावून मलबा वर काढत होती. काळा खडक फुटला अन् खाली लाल लागली. आमच्याकडं लाल लागली की माणसं नाचायचीच बाकी राहतात, कारण तिच्या अंगानं पाणी येतं असं जुने लोक सांगतात. अन् आलंच. दुपारी त्या लाल पट्टीच्या वरून बारीक झिरपा सुरू झाला. आबांनी लगेच ओटीचं सामान काढायला सांगितलं. नव्या विहिरीला पाणी लागलं की घरच्या सुनेनं खाली उतरून पाण्यातल्या साती आसरांची ओटी भरायची, ही आमची चाल. खरं तर कडेनं दगडाचं बांधकाम झाल्यावर उतरायचं. पण दुसऱ्या दिवशी अमावस्या होती. आबा म्हणाले, "आलेल्या देवाला आवस व्हईस्तोवर ताटकळत ठिवायचं का?" सकाळी कडेचं एक ढेकूळ खाली पडलं होतं. ते सगळ्यांनी बघितलं होतं. आबांनीपण.

वहिनीला यारीच्या डब्यात बसवलं. पदरात नारळ, खण, तांदूळ. हसत होती. मला ओरडून म्हणाली, "वैष्णे, फोटो नीट काढ. मागच्या टायमाला माझं डोकंच उडवलं होतंस!" काढला मी. नीट आलाय.

आवाज लय मोठा झाला नाही, मावशी. बैलगाडीतून माती ओतावी एवढाच. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

दिवस मावळायच्या आत गावात झालं, की निकिताला अडचण होती, विटाळाची उतरली, आसरांनी ओढून घेतली. पहिल्यांदा हे कोणाच्या तोंडून आलं ते विचारू नका. बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही अन् मेलेलं माणूस उठून खुलासा करत नाही. तुम्ही आलात तोवर ते शिळंसुद्धा झालं होतं. दहाव्याला इशू तुमच्या पदराला धरायला आली, तेव्हा तुम्ही पदर ओढून घेतलात. "हिच्या मायनं केलं ते हिच्या कपाळी. माझ्या घरी लेकीसुना नांदायच्या हायेत." मी चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभी होते. तुमचा इतका संताप आला होता मला! आता येत नाही. स्वतःच्या लेकीबद्दल असलं खरं मानून जगायचं म्हणजे तुमचं रोज काय होत असेल, हे आता जरा कळायला लागलंय.

तर ती खदानीतली लाल. एक ढेकूळ मी रुमालात बांधून आणलं. वाळलेलं होतं, हातानं तुटत नव्हतं. सर म्हणाले, काचेच्या पेल्यात पाणी घे अन् त्यात सोड. सोडलं. सर हजेरी घ्यायला लागले. हजेरी संपायच्या आत ते ढेकूळ फुगलं, चिरलं अन् तळाला गाळ होऊन बसलं. कुणी हात लावला नव्हता त्याला.

सरांनी सांगितलं ते तुम्हाला सोपं करून सांगते. आपल्या भागात कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीतून तापलेला रस वर आला अन् थिजून काळा खडक झाला. त्यावर ऊनपाऊस पडून माती झाली. मग परत रस आला, त्या मातीवर पसरला, माती खाली दबून भाजून निघाली. तीच ही लाल. कोरडी आहे तोवर विटेसारखी. पाणी लागलं की साबणासारखी. तिच्यावर बसलेला एवढा मोठा खडक मग जागेवर राहत नाही, घसरतो. म्हणजे ज्या पाण्याची पूजा करायला वहिनी उतरली, त्याच पाण्यानं ती लाल भिजवली होती. सकाळपासून भिजवत होतं. त्या दिवशी डब्यात वहिनी बसली काय, सिताराम बसला काय, देवळातला पुजारी बसला काय, कड पडायचीच होती.

मी वर्गातून उठले अन् पाण्याच्या टाकीमागं जाऊन हमसून हमसून रडले. त्यात आनंद पण होता. तो झाला म्हणून लाजही वाटली.

वहिनीला अडचण नव्हती, मावशी. एका घरात राहणाऱ्या बायकांना एकमेकींच्या तारखा पाठ असतात. पण समजा असती, तरी काय? खडकाला सोवळंओवळं कळतं का? तुमच्या वालूरच्या बारवेत पिढ्यान्‌पिढ्या बाया उतरल्या, त्यात कितीतरी विटाळाच्या असतील, सांगितलं नसेल कोणी. आसरा तिथंही आहेत. पण बारवेला चारी अंगांनी दगड बांधलेला आहे, म्हणून ती उभी आहे. तुम्ही दर अमावस्येला तिथं दहीभात ठेवता असं ऐकलं. लेकीच्या पापाची माफी मागता म्हणे. ठेवायचा तर खुशाल ठेवा, पण माफी मागू नका. तिनं काही केलं नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत इशूला थोडे दिवस तुमच्याकडं ठेवून घ्याल का? थोडेच दिवस. जास्त खात नाही ती.

आपली,
वैष्णवी


९ एप्रिल २०२६, सेलू स्टँड

मावशी,

हे पत्र पोस्टात टाकत नाही.

आबांनी विहीर परत काढलीय. होळी झाल्यावर मशीन लावून वरचा सगळा ढिगारा उपसला. खाली उतरून काम करायची वेळ आली तेव्हा माणसं थांबली. बाई मेलेल्या विहिरीत कोण उतरेल? सितारामनं सरळ सांगितलं, "मालक, लेकराबाळाचा धनी हाय मी." मग आबांनी कुठून तरी एक देवऋषी आणला. त्यानं कौल दिला, की आसरा अजून अर्ध्या ओटीवर बसलेल्या आहेत. वहिनीची राहिलेली ओटी तिच्या लेकीनं, म्हणजे इशूनं, खाली उतरून भरावी, मग कुणाच्या केसाला धक्का लागणार नाही.

हे मला कोणी कळवलं नव्हतं. आबांनी परवा फोन केला तो वेगळ्याच कामासाठी. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "तू ती दगडं शिकलीस न्हवं? ये जरा गावाकडं. तुझं काम हाय." खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मूर्खासारखी पुस्तक घेऊन गेले.

काल विहिरीवर माणसं जमवली होती. आबा सगळ्यांपुढं म्हणाले, "ही माझी पोरगी. कालेजात ह्येच शिकायलीय. सांग गं यांना, इहीर पक्की हाय म्हणून."

मी काठावर पालथी पडून बघितलं. लाल तशीच उघडी होती. ओली होती. तिच्यावरच्या खडकाला माझा हात जाईल एवढी भेग होती. मी उठले अन् म्हणाले, "नाही. कुणीच उतरू नका. आधी वरून कड तोडा, बांधून घ्या, मग उतरा."

सितारामनं चपला घातल्या अन् माणसं घेऊन निघून गेला. आबांनी हात उचलला असता तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "ठीक हाय. उद्याचा दिस जाऊ दे. शुक्रवारी इशू उतरंल. ती सुखरूप वर आली की हीच माणसं पाया पडत येतील."

मी म्हणाले, "तिला हात लावून बघा." तर म्हणाले, "लेकरू हितनं हललं तर तूबी परत येऊ नको. कालेज, दगडं, समदं बंद."

मी दादाकडं बघितलं. म्हटलं, "दादा, लेक आहे तुझी. तू बोल काहीतरी."

आता ते लिहिते जे मागच्या पत्रात लिहिलं नाही. अडचणीची गोष्ट पहिल्यांदा दादा बोलला होता. तुमचा जावई. वहिनी अजून मातीखालीच होती. पोलीसपाटलानं विचारलं, "बिनबांधकामाच्या इहिरीत बाईला कुणी उतरवलं?" आबांचं तोंड पांढरं पडलं होतं. तेव्हा दादा पुढं झाला अन् म्हणाला, "कुणी न्हाई उतरवलं. तीच हट्टानं गेली. अडचण होती तिला, आमाला काय म्हाईत." बापाला वाचवायला त्याच्या तोंडातून ते निघालं. त्याला वाटलं असेल, मेलेल्या माणसाचं आता काय बिघडतंय. बिघडलं ते जित्या लेकराचं.

काल मला वाटलं होतं, निदान आता तरी त्याला लाज वाटेल. मान खाली घालून उभा होता. मग म्हणाला, "आसरांनी एकदा घेतलंय, वैष्णे. परत न्हाई घेणार." अन् हे तो मनापासून म्हणाला, मावशी! आपणच मारलेली थाप त्याला आता खरी वाटायला लागलीय. आबांशी भांडता येतं, दादाशी काय भांडू?

आज सकाळी मी म्हणाले, इशूला पूजेच्या हिरव्या बांगड्या भरायला ताडकळसला नेते. आबांनी हो म्हटलं. मी पिशवीत तिचे कपडे भरत होते तेव्हा आई आली. कपडे बघितले तिनं. बांगड्या भरायला स्वेटर लागत नाही हे तिला कळतं. ती चुलीकडं तोंड करून भाकरी थापायला लागली अन् आम्ही उंबरा ओलांडेपर्यंत थापतच राहिली. हाक मारली असती तर आबा अंगणातच होते.

हॉस्टेलची मैत्रीण फोनवर म्हणाली, पोलिसात जा. जाईन, सेलूहून परभणीला पोचले की आधी तेच. पण ठाण्यात मला बसवून ठेवतील, आबांना बोलावतील, समजूत काढतील अन् संध्याकाळी लेकरू परत त्याच घरी. आधी ती त्या विहिरीपासून लांब पाहिजे, एवढंच मला कळतंय.

माझं म्हणाल तर महिनाअखेर परीक्षा आहे. तेवढी देईन. पुढच्या वर्षाच्या फीचे पैसे आबांच्या हातात होते, म्हणजे आता पुढचं शिक्षण नाही. सरांनी एकदा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी खोटं दिलं होतं, पण या वर्षात ते खरं झालं. आवड लागली होती मला. रस्त्यानं जाताना कापलेली दरड दिसली की मी बसमधून मान वळवून बघते. ते सुटेल याचं दुःख होतंय अन् अशा वेळी ते व्हावं याचा रागही येतोय. असू द्या.

वालूरची गाडी यायचीय अन् इशू माझ्या मांडीवर झोपलीय. तिला मी सांगितलंय, की आजीच्या हातात हा कागद द्यायचा अन् आजी वाचून होईपर्यंत दारात उभं राहायचं, रडायचं नाही, काही मागायचं नाही. उद्या तिला कुठं उतरवणार होते ते तिला माहीत नाही. तुम्हीही सांगू नका.

मी तिच्याबरोबर दारापर्यंत येणार नाही. मला बघून तुम्ही दार लावाल. तिला बघून लावून दाखवा.

तुम्ही हे वाचताय तेव्हा मी गल्लीच्या तोंडाशी उभी आहे. दार लागलेलं दिसलं, तर येऊन तिला उचलून घेईन. कुठं नेईन ते मला खरंच माहीत नाही, मावशी. ठिकाण असतं तर तुमच्यापुढं पदर पसरला नसता.

वाचून झालं असेल तर आता तिच्याकडं बघा.

तुमच्या निकिताची नणंद,
वैष्णवी